खिडकीजवळची खाट

माणूस जागा सोडून जाऊ शकतो. उपरणे जागा सोडत नाही. खानदेशातील सारा सार्वजनिक व्यवहार या एका तत्त्वावर उभा आहे. चोपड्याहून अमळनेरला जाणाऱ्या मोटारीत जागा अठरा असतात, आणि सुटण्यापूर्वी तासभर त्यांवर अठरा उपरणी शांतपणे बसलेली असतात. (उपरण्याउपरण्यांत भांडण झाल्याची नोंद नाही.) धुळ्याच्या कोर्टात तर एक मुंडासे साक्षीदारांच्या बाकावर दोन तारखा बसून होते आणि शिपायाने त्याला हटकले नाही.

चोपड्याचे जीवरामभाऊ या तत्त्वाचे एकनिष्ठ अनुयायी होते. सदतीस साली कापूस विकून झाल्यावर ते चार दिवस परदेशी जाऊन आले. परदेश म्हणजे दमण. तेथे पोर्तुगीज फिरंग्यांचे राज्य असल्यामुळे परदेशाच्या सर्व अटी पुऱ्या होतात, आणि वाटेत दशम्याही नासत नाहीत. परत आल्यावर त्यांनी थोरल्या मुलीला, वच्छलाबाईंना, समुद्राचे वर्णन सांगितले आणि शेवटी महत्त्वाचे ते, म्हणजे हॉटेलात जागा धरून आल्याचे, सांगितले.

"खिडकीजोडे खाटवर उपरनं टाकी उनू, माय. पुढला साल तुले लई जासू. जागा कोठेच जात नही."

त्याच श्रावणात जीवरामभाऊ तापाने वारले.

वच्छलाबाई धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवीत. शोक करण्यात त्या अनियमित निघाल्या. तेरा दिवसांत एकदाही रडल्या नाहीत, आणि याबद्दल भाऊबंदांत रास्त नाराजी होती. तेराव्यानंतर त्यांनी धाकट्या भावाला, रुपचंदला, वडिलांचा एखादा कपडा मागितला. त्याने रिवाजाप्रमाणे सारे गरजूंना दिले होते.

"बठ्ठं वाटी टाकं, अक्का. आते काहीच नही."

यावरून सरळ निष्कर्ष निघत होता. वडिलांचे एकच वस्त्र उरले होते आणि ते परदेशात होते. माघात वच्छलाबाईंनी रजेचा अर्ज केला. कारणाच्या जागी 'परदेशगमन' हा शब्द वाचून मुख्याध्यापिका खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

दमणच्या बाजारातले ते हॉटेल साधेच होते. चार खोल्या, प्रत्येकीत दोन खाटा, एक मच्छरदाणी (ज्येष्ठ पाहुण्यासाठी) आणि भिंतीवर नियमांची पाटी. उपरणे खिडकीजवळच्या खाटेवर जसेच्या तसे होते. व्यवस्थापक रतिलालभाई त्यावरची धूळ रोज झटकत. वच्छलाबाईंनी वडील गेल्याचे सांगितले. रतिलालभाईंनी मान खाली घातली, मनापासून हळहळ व्यक्त केली, आणि मग वही उघडून दाखवली. वहीत जीवरामभाऊ राहत होते.

नियम अकरावा स्पष्ट होता: खोलीत पाहुण्याचे वस्त्र आहे तोवर पाहुणा आहे. भाडे जेवणाच्या पानांवर लागे आणि जीवरामभाऊ जेवत नसत, त्यामुळे तीही अडचण नव्हती.

"तुमच्या सरकारात वारले असतील, बेन," रतिलालभाई हळू आवाजात म्हणाले. "इथलं सरकार वेगळं. इथली वही वेगळी."

बाकी खोल्या भरलेल्या असल्याने वच्छलाबाईंना त्याच खोलीतली दुसरी खाट मिळाली. आधी रतिलालभाई आत जाऊन विचारून आले. हरकत निघाली नाही. त्यांच्या मते असा पाहुणा हॉटेलने पाहिला नव्हता. गेल्या अकरा महिन्यांत: तक्रारी, शून्य, ऊन पाण्याची मागणी, शून्य, घोरणे, शून्य, फुटलेले आरसे, शून्य. नव्या गिऱ्हाइकांना ते चोपड्याच्या शेठचे उदाहरण घालून देत.

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छलाबाईंनी खाटेला घरची हकिगत सांगितली. केळी बरी आहे. रुपचंदने विहिरीवर इंजिन बसवले आहे. इंजिनाची बातमी वडिलांना पटली नसावी. खाट गप्प राहिली. मग खिडकीतून समुद्र पाहता पाहता त्यांनी तेरा दिवसांचे राहून गेलेले काम एका बैठकीत पुरे केले. रतिलालभाईंनी त्या वेळी दार वाजवले नाही. (हे पाटीवर नव्हते.)

निघायच्या सकाळी रतिलालभाई आनंदाची बातमी घेऊन आले. अकराव्या नियमाला पोटनियम सापडला होता. जवळच्या नातलगाने वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहून दिले की वस्त्र त्याचे.

"काय लिहायचं?"

"एकच शब्द, बेन. 'गेले.' खाली सही."

वच्छलाबाईंनी टाक हातात घेतला. एवढ्यासाठीच त्या आल्या होत्या. टाकावरची शाई वाळली. रतिलालभाईंनी तो पुन्हा बुडवून दिला. ती खाट दुसऱ्या कोणाला हवी आहे का, असे वच्छलाबाईंनी विचारले. सध्या कोणाला नव्हती.

"मग राहू द्या त्यांना," त्या म्हणाल्या, आणि फक्त स्वतःच्या नावापुढे सही करून टांग्यात बसल्या.

चोपड्यात ही हकिगत कळली तेव्हा रुपचंदसकट सारे गाव हसले. शिकलेल्या बाईने एका उपरण्यासाठी परदेश गाठावा, आणि तेही आणू नये! वाचकालाही हसू आले असेल, आणि ते योग्यच आहे. हसून झाल्यावर मात्र त्याने उठावे आणि आपल्या घरातील दाराआडची खुंटी पाहावी. तिच्यावर एक कोट आहे. तो घरात कोणाच्याच अंगाला येत नाही. दर दिवाळीला तो काढून, झटकून, पुन्हा तेथेच कोणत्या नियमाने अडकवला जातो, तेवढा नियमाचा क्रमांक कृपया कळवावा.