गावाबाहेरचं घराणं

आमचे म्हेत्रेअण्णा चहा काळा पितात. दुधाशी ओळख नाही म्हणून नव्हे, फार जवळची ओळख आहे म्हणून! सात रस्त्याजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत ते आजारी जनावरांच्या दुधातले जंतू काचेच्या ताटल्यांत वाढवतात आणि मी आलेल्या नमुन्यांच्या नोंदी ठेवते. माझ्या कपात दूध दिसलं की विचारतात, "बाई, उकळलंय न्हवं?" त्यांच्या शेजारी बसून मी घरी दूध तीनतीनदा उकळायला लागले. नवरा म्हणतो, आता खवाच कर.

"नाव एक, पर घरानी लई," हे अण्णांचं पालुपद. म्हशीची कास सुजवणारा जंतू नावाला एकच, पण गावोगाव त्याची जनुकं वेगळी. पुण्याला पाठवलेल्या जंतूच्या जनुकांचा पट्ट्यापट्ट्यांचा फोटो येतो. अण्णा तो खिडकीच्या उजेडात धरतात आणि सोयरीक जुळवायला बसल्यासारखे निरखतात. "ह्यो अक्कलकोटकडचा. गरीब दिसतुया, पर औषधाला दाद देनार न्हाई." असं म्हणून स्वतःच दचकतात. दाराची कडी ते कोपरानं उघडतात. हातमोज्यांशिवाय कुठल्या गोठ्यात पाऊल टाकत नाहीत.

अपवाद एकच, तोही मला उशिरा कळला: त्यांची मोडनिंबची थोरली बहीण, गंगाक्का. विधवा, एकटी, आणि घर चालतं ते एका म्हशीच्या दुधावर. तीनेक वर्षांमागं तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून अण्णा दर शनिवारी एसटीनं मुक्कामाला जातात आणि रविवारची धार स्वतः काढतात. तेवढाच तिच्या हाताला आराम.

यंदा तिच्याच म्हशीची कास सुजली. दुधात गाठी आल्या, एक सड गेलं, दुसरं दगडासारखं झालं. गावात आणखी पाच गोठ्यांत हाच आजार होता. डॉक्टर म्हणाले, असंच पसरत गेलं तर अक्काची म्हैस कायमची आटेल. अण्णांनी सहाही गोठ्यांतले जंतू पुण्याला पाठवले. फोटो आले. पाच गोठ्यांचे पट्टे सारखे, अक्काचे तेवढे निराळे.

अण्णा खिडकीशी उभे होते, ते खुर्चीत येऊन बसले.

"बाई, हे घरानं गावातलं न्हाई. भायेरनं आलंय. आन् भायेरनं तिच्या गोठ्यात कोन जातंय?"

"पण अण्णा, तुम्ही तर हातमोजे घालता की!"

"रबरी हाताला तिची म्हस पान्हा सोडत न्हाई वो."

हा जंतू धडधाकट माणसाच्या नाकातही मुक्काम करतो आणि हातावाटे सडाला लागतो, हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी कापसाची काडी स्वतःच्या नाकात फिरवली, नळीत घातली आणि माझ्या टेबलावर ठेवली. अर्जात जनावराचा रकाना होता. काय लिहू, विचारलं.

"लिवा, बैल."

मी हसले. ते हसले नाहीत.

निकाल यायला दोन आठवडे लागले. दोन्ही शनिवारी अण्णा मोडनिंबला गेले नाहीत. डबा तसाच परत नेत. फोन वाजला की आधी माझ्याकडे बघत. मलाही इतकी धास्ती बसली की घरात कुणी शिंकलं तरी मी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

फोटो आला. अण्णांनी तो आणि अक्काच्या म्हशीचा, असे दोन्ही शेजारी ठेवले. पट्टे जुळले, शेवटचा पुसट पट्टासुद्धा.

त्यांनी तिथूनच अक्काला फोन लावला. फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"अक्का, तुझ्या म्हशीला ह्ये माज्यापास्नंच लागलंय. मीच आनलं."



"मग आता येनार न्हाईस व्हय?" अक्कानं विचारलं.

"म्हशीला हात कसा लावू मी?"

"नगं लावू. माजा हात कवाच बरा झालाय. तू यायचा बंद हुशील म्हनून बोलली न्हाय."

अण्णांनी चष्मा काढला.

"ठावं हाय, अक्का," ते म्हणाले. "भरलेली घागर उचलताना बघितलं की तुला, दोन वर्सं झाली. मला तरी दुसरं कुटं जायाचंय? येतो शनवारी. गोठ्यात न्हाई, ओसरीवर बसतो."