बॉनेटवरचे चार डाग

गाडी घरी धुणारे पुष्कळ आहेत, पण गाडीचं डिटेलिंग घरी करणारा अख्ख्या कान्हे गावात मी एकटाच! डिटेलिंग म्हणजे गाडीचा कानाकोपरा घासूनपुसून ती नव्यासारखी करणं, हे गावात कुणालाच माहीत नाही. शनिवारपर्यंत मलाही नव्हतं. मग मी त्रेचाळीस व्हिडिओ पाहिले आणि रविवारी सकाळी तज्ज्ञ होऊनच अंथरुणातून उठलो.

शिवाय माझा पेशाच तसा आहे. तळेगावच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात असतो. दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेल्या पार्टवर डाग शोधायचा आणि तो पार्ट परत पाठवायचा, यासाठी मला पगार मिळतो. त्यामुळे डाग दिसला की माझा हात आपोआप उठतो. पुढचं सगळं या हातानं केलं.

डिटेलिंगला निमित्त होतं येसूआत्याचं. येसूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, राहायला इंदुरीला. दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या महिन्यात तिनं गॅस सिलेंडरवाल्याला जावई समजून पंगतीला बसवलं आणि तोही बिचारा दोन पोळ्या खाऊन गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता थांबलात तर उजवा डोळा हातचा जाईल. तरी आत्या ऑपरेशनला तयार होत नव्हती. वडील दर रविवारी इंदुरीला जाऊन हात जोडायचे, आणि ती दर रविवारी त्यांना पोहे खायला घालून परत पाठवायची. शेवटी एकदाची ती तयार झाली, पण एका अटीवर. ती जाईल तर आमच्याच पांढऱ्या गाडीतून, कारण त्या गाडीच्या बॉनेटवर तिच्या हातचं स्वस्तिक आहे.

हे स्वस्तिक तिनं नऊ वर्षांपूर्वी दसऱ्याला, गाडी दारात आली त्या दिवशी काढलं होतं. नऊ वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, तो या स्वस्तिकामुळं, असं घरात सगळे मानतात. गाडी मी चालवतो, ही गोष्ट कुणी हिशेबात धरत नाही. आत्या घरी आली की आधी बॉनेटपाशी जायची, स्वस्तिकावरून बोट फिरवायची, पुटपुटायची आणि मगच माणसांकडं वळायची.

तर सोमवारी दहाला तळेगावात ऑपरेशन. आदल्या दिवशी गाडी झळकवून ठेवावी, एवढाच माझा शुद्ध हेतू होता.

सुरुवात चाकांपासून करायची असते. अंग आधी धुतलं तर चाकांची घाण पुन्हा अंगावर उडते. चाकांवर ब्रेकची काळी भुकटी आणि भातखाचरातला चिखल असा नऊ वर्षांचा थर होता. तो खरवडल्यावर आम्हाला पहिल्यांदा कळलं, की आपल्या गाडीची चाकं चंदेरी आहेत. मग दोन बादल्या घेतल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. तळाशी बसलेली रेती पुन्हा फडक्याला लागू नये म्हणून बादलीत जाळी टाकायची असते. मी आईची गहू चाळायची चाळण टाकली. त्यावर आईनं जे ऐकवलं ते इथं सांगत बसत नाही.

त्यानंतर चिकणमातीची वडी. ही खास वडी ओल्या रंगावरून फिरवली की रंगात रुतलेली बारीक घाण ती ओढून घेते. वडील ओट्यावर बसून बघत होते. "मातीनं गाडी धुनार? मंग खाचरातून आनली तवाच धुतलेली व्हती की," एवढं बोलून ते शेतावर निघून गेले.

आता तुम्ही म्हणाल, सगळं ठाऊक असून या शहाण्याच्या हातून पुढचा घोळ झालाच कसा? सांगतो. चूक व्हिडिओतल्या माणसाची आहे. तो म्हणाला, पूर्ण गाडीकडे बघू नका, घाबराल. चिकटपट्टी लावून दोन-दोन फुटांचे चौकोन पाडा आणि समोरच्या चौकोनाशिवाय कुठेही बघू नका. मी आज्ञाधारक माणूस. बॉनेटवर चार चौकोन पाडले आणि पहिल्यात डोकं घातलं.

पहिल्या चौकोनात एक वाकडा लाल डाग आणि शेजारी एक ठिपका होता. वडी फिरवली, मग कंपाऊंड, म्हणजे रंग उजळायची पेस्ट, लावून घासलं. बराच हट्टी होता, पण गेला. दुसऱ्या चौकोनात तसाच वाकडा डाग, तसाच ठिपका. तिसऱ्यात तसाच. आता क्वालिटीवाल्याला एवढं कळतं, की दोष एकसारखा असेल तर कारणही एकच असतं. मी कारण शोधून काढलं. उन्हाळ्यात करवंदं खाल्लेले चार पक्षी बॉनेटवर ओळीनं बसले असणार! चौथा डाग काढला तेव्हा मनगट सुजलं होतं आणि छाती फुगली होती. मग सगळ्या गाडीला वॅक्सचा हात दिला. डब्यावर लिहिलं होतं, सहा महिने या रंगावर काहीही टिकणार नाही.

चार वाजता माझी बहीण सृष्टी चहा घेऊन आली. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांचं कौतुक केलं, बॉनेटमध्ये स्वतःचे केस नीट केले. मग तिचा हात केसातच राहिला.

"दादा, स्वस्तिक कुठंय?"

मी चिकटपट्ट्या काढल्या होत्या, तरी मला ते चार चौकोन दिसले. चार वाकडे डाग दिसले. ते डोळ्यांसमोर हळूहळू एकमेकांकडं सरकले आणि जुळले. चहा मी उभ्यानंच बशीत ओतला आणि बशी रिकामी व्हायच्या आत पुन्हा ओतला.

वडील शेतावरून आले. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट होतं. बॉनेटकडे बघून म्हणाले, "दोन वर्सं पाया पडलोय तिच्या. आता तिनं न्हाई म्हनलं आन् डोळा गेला, तर तुजा काढून देऊ का?"

मग स्वस्तिक पुन्हा काढायचा उद्योग सुरू झाला. सृष्टीनं पाण्यात कुंकू कालवून रेघ ओढली. रेघेचे लगेच शंभर लाल मणी झाले, अळूच्या पानावरून पाणी घरंगळावं तसे बॉनेटवरून घरंगळले आणि बंपरवरून खाली ठिबकले. गाडीनं नुकतंच कुणाला तरी उडवलंय, असं दिसायला लागलं. तेलात कालवलेलं कुंकू अख्खंच्या अख्खं स्वस्तिक होऊन एकसंध खाली सरकलं. सृष्टीची लिपस्टिकही घसरली, आणि ती चोवीस तास टिकणारी होती. वॅक्सच्या डब्यावर लिहिलेलं खरं आहे, हे एवढ्या बारकाईनं सिद्ध करणारा ग्राहक त्या कंपनीला दुसरा मिळणार नाही. शेवटी मी कामशेतला जाऊन लाल स्वस्तिकाचा स्टिकर आणला. तो चिकटल्यासारखा वाटला. मी रात्रभर गाढ झोपलो.

सोमवारी आठ वाजता वडील आणि मी निघालो. जुन्या हायवेवर वडगावच्या अलीकडं स्टिकरचं एक टोक उचललं गेलं, मग दुसरं. मग त्यानं आमच्या काचेवर एकदा टकटक केलं आणि तो टपावरून उडून मागच्या टेम्पोच्या काचेवर जाऊन व्यवस्थित बसला. टेम्पोवाल्यानं चालत्या गाडीत हात जोडले. त्याचं भलं होवो.

इंदुरीपर्यंत वडील रिकाम्या बॉनेटकडंच बघत होते.

आत्या पिशवी घेऊन अंगणात तयारच होती. मी आधी उतरलो आणि बॉनेटसमोर उभा राहिलो. तिनं मला फाटक सरकवावं तसं बाजूला सरकवलं. मग तिचं बोट नेहमीच्या जागी टेकलं. बोट सरकलं. डावीकडं गेलं, उजवीकडं गेलं. मग तिनं अख्खा तळवा ठेवला आणि सगळ्या बॉनेटवरून फिरवला. त्या तळव्याखाली माझं सहा तासांचं काम होतं आणि त्याला एकही खोट सापडत नव्हती. कारखान्यात असा पार्ट मी कधी पाहिलेला नाही.

वडील घसा खाकरून म्हणाले, "आक्का, चूक माजी हाय." हे ऐकून मला राहवलं नाही.

"आत्या, मी पुसलं," मी म्हणालो. "मुद्दाम नाही. चौकोनात बघत होतो."

 आत्यानं पिशवी खाली ठेवली. झालं! उजवा डोळा गेला, असंच मला वाटलं. मग तिनं पदर खांद्यावर घेतला, पिशवी पुन्हा उचलली, चाचपत मागचं दार उघडलं आणि आत बसली.

"चला की. दहाला बोलावलंय ना?"

आम्ही निघालो. इंद्रायणीचा पूल ओलांडला. पुढच्या वळणावर आत्यानं विचारलं, की मी ते काढलं तरी कशानं. मी वडी, कंपाऊंड, सगळं सांगितलं आणि दहाच मिनिटं लागली, अशी थापही मारली.

"दहा मिनटात?" आत्या म्हणाली. "शिंगाचा रंग व्हता त्यो."

वडिलांनी मला गाडी कडेला घ्यायला लावली.

तेव्हा सगळं बाहेर पडलं. त्या दसऱ्याला कुंकवाचा करंडा आणायची जबाबदारी आत्याची होती, आणि ती तो इंदुरीलाच विसरली होती. सगळे नारळ घेऊन ताटकळलेले. घरात मागावं तर माझी आई जन्मभर ऐकवणार. तेवढ्यात तिला गोठ्याच्या फळीवर पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेल्या लाल रंगाचा डबा दिसला. आत्यानं बोट बुडवलं आणि पाठमोरी होऊन स्वस्तिक काढलं. तेव्हापासून नऊ वर्षं ती दर खेपेला बोट लावून बघायची, त्याचे टवके निघून कुणाला कळत तर नाही ना. पुटपुटत ती देवाची माफी मागायची. डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा तिला खात्रीच पटली की हे शिंगाचं फळ. शिक्षा आहे तर डॉक्टर काय करणार, म्हणून ती दोन वर्षं ऑपरेशन टाळत होती.

"मंग ह्याच गाडीचा हट्ट कशापायी, आक्का?" वडिलांनी विचारलं.

"येताना त्या स्वस्तिकाम्होरंच खरं सांगनार व्हते तुला. डोळ्यावर पट्टी असली की तुजं तोंड बघावं लागलं नसतं." मग ती सीटला टेकली आणि एवढा मोठा श्वास सोडला की पुढची काच धुरकटली. "पोरानं पुसलं, लय बरं झालं. आता कायबी करा म्हनावं डोळ्याचं."

वडील हसायला लागले. रविवारपासून पहिल्यांदाच. मीही हसलो, पण जरा जपून.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. आत्यानं उजवा डोळा दोनदा मिटला, उघडला. भिंतीवरचं कॅलेंडर तळाच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचून दाखवलं. वडिलांना म्हणाली, "अंबू, पिकलास रे." वडिलांचे डोळे भरून आले. मग ती माझ्याकडं वळली. मी पुढं झालो, वाकून नमस्कार केला आणि आशीर्वादाची वाट बघत तसाच उभा राहिलो. तिनं माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडं वळवला, नीट न्याहाळलं आणि वडिलांना हळूच विचारलं,

"ह्यो असाच दिसतो व्हय? मला वाटायचं, मोतीबिंदूमुळं."