रिकामं केलेलं कार्ड

फोटो एकेक करून पुसायचे की सगळे एकदम, एवढाच प्रश्न होता. मी एकदम पुसले. (मी जिनासुद्धा एकेक पायरी उतरत नाही.)

त्या वर्षी मी अमेरिकेत वूस्टरला एमएस करत होते आणि जवळच्या श्रूजबरीला जगन्नाथकाकांकडे राहत होते. काका रिटायर्ड भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवण्यात हयात गेल्यामुळे त्यांना कशाचीच घाई नसे. त्यांच्या कॉम्प्युटरला व्हायरसने पछाडलं, तेव्हा मी विंडोज काढून त्यावर लिनक्स घातलं आणि तेव्हापासून घरात माझा शब्द अंतिम होता. (असं मी धरून चालले होते.)

तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात पद्मजाकाकू गाणार होत्या. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्यांचं मागणं एकच, "माझा गातानाचा एक चांगला फोटो काढा. नागपूरला आईला पाठवायचाय."

निघताना कळलं, कॅमेऱ्याचं कार्ड भरलेलं. काका ते कॉम्प्युटरला लावून बसले.

"हा नायगारा. हाही नायगाराच, पण यात पाणी जास्त आहे."

"काका, सगळे कॉम्प्युटरवर कॉपी केलेत मी. सरका."

सगळे सिलेक्ट केले, डिलीट केले, कार्ड काढून कॅमेऱ्यात घातलं. मग ऐटीत ट्रॅश उघडून तोही रिकामा केला.

"आधी कार्ड काढलंस, मग कचरा टाकलास," काका म्हणाले. "चालतं असं?"

"लिनक्स आहे काका."

"जागा झालीय का, बघू या एकदा?"

"उशीर होतोय."

हायस्कूलच्या हॉलमध्ये आम्ही पहिल्या रांगेत बसलो. काकूंनी सूर लावला, मी कॅमेरा उचलला. कॅमेऱ्याच्या मते कार्डावर एकही फोटो नव्हता आणि तरी कार्ड जवळजवळ भरलेलं होतं. जागा फक्त एका फोटोपुरती.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लिनक्स कार्डावरून पुसलेल्या फाइल्स कार्डावरच एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. कार्ड काढल्यावर मी ज्या ट्रॅशवर झाडू मारला, तो कॉम्प्युटरचा होता. हे काकांना कुजबुजत सांगावं लागलं.

"म्हणजे पॉटलकच्या जेवणासारखंच," काका शांतपणे म्हणाले. "ज्याचं खरकटं पातेलं, त्याने आपल्या घरी न्यायचं. तू आपलं सिंक घासून आलीस."

(कॅमेऱ्यातूनच कार्ड फॉरमॅट करता येतं, हे मला घरी परतताना हायवेवर सुचलं.)

"एकच आहे ना? दे, मी काढतो," काका म्हणाले आणि कॅमेरा डोळ्याला लावून बसले. अंतरा सुरू झाला. काका थांबले. तान आली, गेली. काका थांबलेलेच.

"काका, काढा ना."

"समेवर येऊ दे."

"त्या संपवतायत. द्या इकडे." मी कॅमेरा ओढला. काकांनी सोडला नाही. क्लिक झालं.

टाळ्यांच्या कडकडाटात काकू खाली उतरल्या. त्या खरंच सुरेख गायल्या होत्या. "आला ना चांगला?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी त्यांच्या साडीची स्तुती केली.

फोटोत मी होते. तोंड वासलेलं, डोळे बाहेर आलेले. माझ्या कानामागे काकूंच्या पदराचा काठ. पण नागपूरच्या आजी रोज विचारत होत्या, म्हणून काकूंनी तोच पाठवला.

आजींचा फोन आला. काकांनी स्पीकर लावला.

"जगन्नाथराव, ही पुढे बसलेली मुलगी अशी का किंचाळतेय? पद्मजाचं गाणं इतकं बिघडलं का?"

"छे हो आई, गाणं उत्तम झालं," काका म्हणाले. "ती आमची कॉम्प्युटर एक्स्पर्ट."