बंद गाडीचा पंचनामा

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास शैलाताईंनी आपल्या गाडीच्या दारावरचं काळं बटण दाबलं आणि गाडीने हूं की चूं केलं नाही. एरवी बटण दाबताच ती टुक टुक वाजायची, दिवे मिचकवायची, मिटलेले आरसे पसरायची. आज सगळं गप्प. शैलाताईंनी पर्समधून चावी काढली, तिच्या पोटात दडवलेली लोखंडी चावी ओढून दाराला लावली आणि फिरवायला गेल्या, तर दार आधीच उघडं होतं.

आत सीटच्या टोकावर सरकून त्यांनी कसाबसा क्लच दाबला, मग स्टार्टचं बटण दाबलं. समोरचे दिवे मलूल झाले आणि बॉनेटखालून नुसतं टक टक टक टक ऐकू आलं.

अकरा वाजता मंठ्याला पोचायचं होतं. दहावीच्या मैत्रिणी चाळीस वर्षांनी जमणार होत्या आणि शैलाताईंनी ग्रुपवर टाकलं होतं, "मी परतूरहून स्वतः गाडी चालवत येतेय." शाळेत असताना सायकलच्या कॅरिअरवर बसायलाही जिला भीती वाटायची, तिचा हा निरोप. त्यावर सत्तावीस अंगठे आले होते आणि सत्यभामा नावाच्या मैत्रिणीने विचारलं होतं, "खरंच का गं?" हे तीन शब्द शैलाताईंना आठ दिवस झोंबत होते.

"झालं?" ओट्यावर पेपर वाचत बसलेले नरहरराव म्हणाले. "रात्री दिवा चालू ठेवला असशील. म्या म्हणत न्हवतो, बटणाची गाडी बायांच्या कामाची न्हाई म्हणून?"

नरहरराव म्हणजे शैलाताईंचे यजमान. भूमी अभिलेख कार्यालयात त्यांनी चौतीस वर्षं बांध मोजले आणि पंचनामे लिहिले. त्यांना स्वतःला स्कूटरशिवाय काही चालवता येत नव्हतं, पण तो मुद्दा ते कधी चर्चेला येऊ देत नसत. गाडी शैलाताईंची, त्यांच्या स्वतःच्या नोकरीतून घेतलेली. शिकल्याही त्या, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, रोज पहाटे मैदानावर जाऊन. नरहररावांनी या काळात एकच काम नेटाने केलं. ते गाडी विकायचा विषय काढत राहिले.

"दिवा बंद होता," शैलाताई म्हणाल्या.

"मंग बॅटरी आपोआप मेली का?"

तेवढ्यात समोरचे लोखंडाचे व्यापारी राधेश्यामजी दात घासत फाटकापाशी आले. ही गाडी आपल्याकडे यावी अशी त्यांची चार महिन्यांपासूनची इच्छा होती, त्यामुळे गाडीला साधी शिंक आली तरी ते हजर असत.

"चावीचा सेल गेला असंल, भाभी," त्यांनी निदान केलं. "जरा चोळा चावीला. गरम करा."

शैलाताईंनी वाद नको म्हणून चावी चोळली. मग पुस्तकात दिलंय तशी ती थेट बटणाला टेकवून पाहिली. टक टक टक टक.

"चावी चांगली आहे. बॅटरीच उतरली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी संपत मेकॅनिकला फोन लावला. त्याचा टेम्पो वाटेतच होता. अर्ध्या तासात येतो म्हणाला.

एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असतं. पण नरहररावांना दोष निश्चित करायचा होता. ते आत गेले आणि फुलस्केप कागद, पॅड आणि निळं पेन घेऊन बाहेर आले.

"पंचनामा होईल," त्यांनी जाहीर केलं. "निष्काळजीपणा तुझा निघाला, तर गाडी आजच राधेश्यामजींना. कबूल?"

"बिलकुल!" राधेश्यामजीच आधी म्हणाले.

कोणतीही दुसरी बाई या क्षणी रडली असती किंवा आत जाऊन भांडी आपटली असती. शैलाताई खाली उतरल्या, त्यांनी पदर खोचला आणि नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"कबूल. आन् दोष माझा न्हाई निघाला, तर चावी कायमची माझ्या ताब्यात. परत विकायचा विषय काढायचा न्हाई. हे पण लिहा. आत्ताच लिहा."

नरहररावांनी लिहिलं. मग कायद्याप्रमाणे त्यांनी चावी मुद्देमाल म्हणून जप्त केली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली. एक पंच राधेश्यामजी झाले. दुसरा पंच म्हणून शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या कांताबाईंना बोलावलं. त्या अंगभर पीठ घेऊनच आल्या.

"एक गोष्ट आधीच सांगतो," नरहरराव म्हणाले, "पंचनाम्यात डोळ्याला दिसंल तेच लिहायचं. आन् एकदा लिहिलं की खाडाखोड न्हाई. चौतीस वर्षांत माझ्या एका पंचनाम्यात खाडाखोड न्हाई."

"बराबर," राधेश्यामजी म्हणाले.

नरहरराव मोठ्याने बोलत लिहू लागले. "आज रोजी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी आम्ही खाली सही करणार पंच समक्ष हजर राहून पाहिले की, सदर गाडीच्या आतील व बाहेरील दिव्यांची बटणे बंद स्थितीत..." ते थांबले.

"बंद स्थितीत. बरोबर," शैलाताई म्हणाल्या. "पुढं?"

"दार कुलूपबंद नव्हते," कांताबाई म्हणाल्या. "सकाळी मी गिरणीच्या दारातनं बघत होते, ताईंनी चावी न फिरवताच उघडलं की."

"मी चार दिवस गाडीला हात लावला न्हाई," शैलाताई म्हणाल्या. "बुधवारी कुलूप लावून चावी खिळ्याला अडकवली. हे पण लिहा."

नरहररावांनी लिहिलं. त्यांचं अक्षर मात्र थोडं बारीक झालं होतं.

कांताबाई आता रंगात आल्या होत्या. त्यांनी डोकं गाडीत घातलं. "अगं बया! सीट किती मागं सारलंय. ताई, तुमचे पाय पोचतील का इथनं? ह्ये तर साहेबांसारख्या उंच माणसाचं माप दिसून राह्यलंय."

"अंदाज लिहायचा न्हाई!" नरहरराव ओरडले.

"मंग माप लिहा की," कांताबाई म्हणाल्या. "तुमचंच काम होतं न्हवं मोजणीचं?"

टेप आणला. सीट मोजलं. नोंद झाली. मग राधेश्यामजींनी वाकून खालून एक चष्म्याचं घर काढलं. त्यावर परतूरच्या चष्मेवाल्याने स्वतःच्या हाताने नाव लिहून दिलेलं होतं आणि ते नाव शैला नव्हतं.

"याची वाच्यता नको..." नरहरराव म्हणाले.

"डोळ्याला दिसंल तेच लिहायचं, भाईसाब," राधेश्यामजी नाइलाजाने म्हणाले. गाडी हातची निसटताना त्यांना दिसत होती, पण खोटी सही करायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

शेवटी सापडलं ते गाडीचं माहितीपुस्तक. पहिल्या चौदा पानांवर लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या, अगदी सरळ, पट्टी लावून मारलेल्या. असल्या रेघा अख्ख्या गल्लीत एकच माणूस मारतो. शैलाताईंनी पान उलटलं. पंधराव्या पानावर लिहिलं होतं की, क्लच न दाबता बटण दाबल्यास इंजिन सुरू होत नाही, फक्त रेडिओ व इतर उपकरणे चालू राहतात आणि बॅटरी उतरते. पंधराव्या पानावर एकही लाल रेघ नव्हती.

उलगडा झाला. शैलाताई भजनाला गेल्या की गेल्या चार दुपारी हा माणूस गुपचूप गाडीत बसत होता, बटण दाबत होता, गाडी का सुरू होत नाही म्हणून कपाळाचा घाम पुसत होता, आणि रेडिओचा आवाज शून्यावर नेला की रेडिओ बंद झाला असं समजून घरात येत होता.

"शिकून राह्यलो होतो," नरहरराव पुटपुटले. "तुझ्या शेजारी नुसतं बसून जायला मला लाज वाटती."

शैलाताईंना क्षणभर त्यांची दया आली. पण क्षणभरच.

"हे पण लिहा," त्या म्हणाल्या.

नरहररावांनी लिहिलं. पंचांच्या सह्या झाल्या, कांताबाईंच्या सहीवर पिठाचा अंगठा उमटला. तोवर संपत टेम्पो घेऊन आला. त्याने बॉनेट उघडलं, दोन्ही बॅटऱ्यांना वायरी जोडल्या आणि टेम्पोची घरघर वाढवली.

"दाबा, काकू!"

शैलाताईंनी सीट पुढे ओढलं, क्लच दाबला, बटण दाबलं. नरहरराव खिडकीला खेटूनच उभे होते, चावी त्यांच्या खिशात. गाडी एका दमात सुरू झाली.

"मंठ्यापर्यंत बंद करू नका," संपत वायरी गुंडाळत म्हणाला. "चालताना चार्ज होती."

"चावी," शैलाताईंनी हात पुढे केला.

नरहररावांनी खिसा दाबून धरला. हरलेला माणूस जसा शेवटच्या कागदाला चिकटतो, तसे ते चिकटले. "मुद्देमाल हाय. संध्याकाळी रीतसर ताबा पावती करू."

"बरं," शैलाताई म्हणाल्या, पहिला गिअर टाकला आणि फाटकाबाहेर पडल्या. गाडी चावी नाही, चावी नाही असं ओरडत होती. शैलाताईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. चालतं इंजिन चावीवाचून बंद पडत नाही, हे त्यांनी बाविसाव्या पानावर वाचलं होतं.

पावणेअकराला नरहररावांचा फोन वाजला.

"पोचले. गाडी बंद केली. आता ती चावीशिवाय सुरू होणार न्हाई," शैलाताई म्हणाल्या. "पहिली यष्टी मिळंल तिनं या."

नरहरराव मंठ्यापर्यंत उभ्यानेच आले. मंगल कार्यालयाच्या दारात शैलाताई गाडीला टेकून उभ्या होत्या आणि भोवती सत्तावीस मैत्रिणी होत्या. नरहररावांनी सगळ्यांसमोर चावी बायकोच्या हातात ठेवली. मग खिशातून घडी घातलेला पंचनामा काढला.

"सही कर. ताबा मिळाला म्हणून."

शैलाताईंनी सही करायला कागद उघडला. शेवटी एक नवी ओळ होती. बसच्या हादऱ्याने अक्षर वेडंवाकडं आलं होतं, पण खाडाखोड नव्हती. 'सदर गाडी शैला यांनी परतूरहून मंठा येथे स्वतः चालवत आणली.'

शैलाताईंनी सही केली, मग कागद आणि पेन सत्यभामेपुढे धरलं.

"तू पण कर गं," त्या म्हणाल्या. "पंच म्हणून."