ब्रनोतली येरळा

ब्रनो शहरातल्या एका पबात विट्याची बिअर मिळत असे. परक्या माणसाला ती विनातक्रार मिळे. आपण त्याच गावचे आहोत असे म्हणणाऱ्याची मात्र ती आधी चौकशी करी, आणि खात्री पटल्याखेरीज बाटलीतून बाहेर येत नसे.

धैर्यशील बाबरला हे ठाऊक नव्हते. तो विट्याचा. ट्रॅक्टरचे गिअर तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून ब्रनोला आला आणि राहिला. चेक लोकांच्या देशात बिअरला तोटा नाही. तिथे जेवताना पाणी मागितले तर वेटर तब्येतीची चौकशी करतो. पण धैर्यशीलला तिथली बिअर कधी मनापासून रुचली नाही. कॉलेजात असताना मायणी रोडच्या धाब्यावर प्यायलेली ‘येरळा’ त्याच्या जिभेवर बसली होती. येरळा ही तिकडची नदी. वर्षातले बरेच महिने ती कोरडी असते, बाटलीवरच्या चित्रात मात्र तिला दोन्ही काठ भरून पूर आलेला असे. बिअर कडवट होती आणि कितीही वेळ बर्फात ठेवली तरी कोमटच लागे.

एका रविवारी दुपारी केस कापून परतताना त्याला एका पबच्या काचेमागे बाटलीवरचा तो पूर दिसला. तो आत गेला आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसला. ब्लांका नावाची पन्नाशीची बाई पब चालवत होती.

“एक येरळा,” धैर्यशील म्हणाला, आणि आनंदाच्या भरात, काही गरज नसताना, पुढे बोलला, “मी तिथलाच आहे. विट्याचा.”

ब्लांकाचा चेहरा जरा पडला. “हे बोलायला नको होतं तुम्ही,” ती म्हणाली. पण बोलून झाले होते. तिने बाटली आणली, बूच उघडले, ग्लासावर तिरकी धरून दाखवली. एक थेंब पडला नाही. मग तिने बाटली टेबलावर त्याच्यासमोर ठेवली आणि पुसायचे फडके खांद्यावर टाकून बाजूला उभी राहिली.

“रामराम,” बाटली म्हणाली. “विट्याचं म्हणता. कुणापैकी?”

“बाबरांपैकी. तालमीमागचे बाबर.”

“तालमीमागं बाबर लई हाईत.”

“दारात लिंबाचं मोठं झाड आहे ते.”

बाटलीच्या गळ्यापर्यंत चढलेला फेस खाली बसला.

“तालमीमागं कुठल्याच बाबरांच्या दारात झाड न्हाई,” ती म्हणाली.

“आहे. लहानपणी पडलोय मी त्याच्यावरून. हा बघा कोपर.”

“कोपर ऱ्हाऊ द्या. झाड न्हाई.”

ब्लांकाला मराठी येत नव्हते, पण अशी प्रकरणे तिने पाहिली असावीत. ती खाली वाकून चेक भाषेत हळूच म्हणाली, “माझं ऐका. तुम्ही इथलेच, ब्रनोचे, असं सांगा. परक्यांना ती काही विचारत नाही. परवा एक फिनलंडचा माणूस तीन पिऊन गेला.”

“पण मी इथला नाही.”

“सरकारी कचेरीतही असंच सांगता का?”

धैर्यशील ओशाळला. गेल्याच महिन्यात त्याने तिथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता, आणि आपण आता पुरते इथलेच झालो आहोत असे समोरच्या बाईंना चांगल्या चेक भाषेत पटवून दिले होते. त्या बाईंनी झाडाबद्दल काही विचारले नव्हते. आता फक्त एक घोट मिळावा म्हणून हेच पुन्हा म्हणायला त्याची जीभ रेटेना.

“वळख देणारं कुणी हाय का गावात?” बाटलीने विचारले.

थोरला भाऊ होता. हणमंतदादा माळकरी माणूस. बिअर बारची पाटी दिसली तर रस्ता ओलांडून पलीकडून जाणारा. धैर्यशीलने फोन लावला तेव्हा तो म्हशीची धार काढायला बसत होता.

“धैर्या? आज सण न्हाई काय न्हाई.”

“दादा, आपल्या दारातलं लिंबाचं झाड आहे ना?”

“व्हतं. वळवात पडलं.”

“मला सांगितलं नाही कुणी.”

“तू इचारलं न्हाईस,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “पाऊस झाला का, एवढं इचारलंस. लई झाला म्हणून सांगितलं. झाड त्यातच आलं की.”

धैर्यशीलने फोनचा स्पीकर चालू करून तो बाटलीजवळ ठेवला. मग म्हणाला, “दादा, इथं एकजण तुझ्याशी बोलायचं म्हणतायत.”

“कोण?”

“बिअरची बाटली.”

फोनमधून म्हशीचा फुसफुसाट ऐकू आला.

“मला काय बोलायचं असतंय दारूसंगं?”

“रामराम, हणमंतराव,” बाटली म्हणाली. “दारू म्हणून नगा बोलू, गावची म्हणून बोला. वळखीचं काम हाय.”

“बोलता तर आमच्यागतच. पाणी कुठलं म्हणायचं तुमचं?”

“भाळवणी रोडची हीर.”

“ग्वाड पाणी हाय त्या हिरीचं,” दादा म्हणाला, आणि त्याने चरवी बाजूला ठेवल्याचा आवाज आला. “बोला.”

“ह्ये गृहस्थ तुमचं भाऊ म्हणवत्यात. गावचं धरायचं का?”

दादा खोटे बोलत नसे. समोर बाटली आहे म्हणून त्यात सवलत देणाऱ्यांतला तो नव्हता. बिअर धैर्यशीलच्या मनातून कधीच गेली होती. दादाने एक ‘हो’ म्हणावे एवढेच त्याला हवे होते.

“भाऊ माझाच,” दादा म्हणाला. “त्यात काय खोट न्हाई. पर त्यो आला की आमची मंडळी नव्या चादरी काढत्यात. आन् जायाचा कवा, त्ये येताना ठरवूनच आल्याला असतोय.”

“समजलं,” बाटली म्हणाली. “मंग गावचं धरता येत न्हाई. परकंबी न्हाईत. पाव्हणं धरते.”

धैर्यशीलने ब्लांकाला निकाल समजावून सांगितला. तिने त्याच्या पाठीवर थोपटले. बऱ्याच जणांना एवढेही मिळत नाही, ती म्हणाली.

“जेवलाय का त्यो?” फोनमधून दादाने विचारले. हा प्रश्न त्याने धैर्यशीलला नव्हे, बाटलीला विचारला होता.

“अजून न्हाई.”

“मंग आदी जेवाया घाला. रिकाम्या प्वाटी नगं.”

ब्लांकाने पिठाचे उकडलेले उंडे आणि आंबट कोबी आणला. धैर्यशीलने सगळे संपवले. त्यानंतर बाटली आपणहून कलली आणि ग्लास अर्धा भरला. त्याने घोट घेतला. तीच चव होती. फ्रीजमधून काढलेली असूनही ती कोमट होती. त्याला खिडकीबाहेर बघावे लागले.

तिकडे दादा आणि बाटली यांचे बोलणे चालूच राहिले. कॅनॉलचे पाणी खालच्या रानापर्यंत आले होते. वहिनींचा गुडघा धरला होता, पण त्या कुणाला सांगत नव्हत्या. पडलेल्या झाडाचा बुंधा दादाने विकला नाही; त्याचे बाकडे करून तालमीत दिले, आता म्हातारी माणसे संध्याकाळी त्यावर बसतात. धैर्यशील हे सगळे पहिल्यांदाच ऐकत होता.

ग्लास रिकामा झाला की बाटली कलून थोडी आणखी ओती. मात्र ती रिती होऊ लागली तसा तिचा आवाज बारीक झाला. हे लक्षात येताच धैर्यशीलने ग्लासावर तळहात ठेवला. बाटलीत बोटभर बिअर उरली होती. तेवढ्यावर ती बोलत राहिली, दादाही बोलत राहिला.

मग दादाचा आवाज खाली आला. वडिलांचे नाव एकदा ऐकू आले, आणि नंतर काहीच नीट कळेना. धैर्यशील पुढे झुकला.

“काय म्हणतोय दादा?” त्याने विचारले.

“काय न्हाई, पाव्हणं,” बाटली हळू आवाजात म्हणाली. “घरातलं हाय.”

धैर्यशीलने मान हलवली आणि आपली खुर्ची थोडी मागे सरकवून घेतली.