दसऱ्याचे दिवशी गाडीचे डावे चाक निघोन गेले त्याची हकीकत

श्री. आधी विघ्नहर्त्यास, मग कुलस्वामिनीस, मग ज्याचे कृपेने लोखंडास गंज थोडका कमी चढतो त्या अज्ञात देवास दंडवत घालून लेखनास आरंभ. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमीपासोन कार्तिक शुद्ध द्वितीयेपावेतो एका राज्यात जे वर्तमान जाहले, ते चारचौघांनी पुसिले म्हणोन सांगतो. राज्याचे नाव लिहिण्याची परवानगी नाही. विस्तार म्हणाल तर तीन खोल्या, पुढे तुळस, मागे पत्र्याची शेड, पूर्वेस ओढा आणि पश्चिमेस कान टवकारून बसलेले शेजारी. राज्याचे धनी श्रीमंत जयसिंगराव, हे दिवसा शाळेत भूगोल शिकवीत. त्यांचे कुटुंब शालनबाईसाहेब. यांचे पोटातले बखरकारास सर्व ठाऊक, कारण बाईसाहेब पोटात काही ठेवीतच नसत.

आता मूळ कारण ऐसे की, जयसिंगरावांनी लग्नाआधी मुंबईस एका जहाजावरील अंमलदाराकडून जपान मुलुखीची दोन दरवाजांची, दोनच माणसे मावणारी, बुटकी लाल गाडी घेतली होती. तीस पंधरा वर्षे पळविली आणि मग इंजिन आवळून बसले, म्हणोन ताडपत्री घालून शेडेत ठेविली, ती अकरा वर्षे तशीच. बाईसाहेब दर दिवाळीस विनंती करीत की हे धूड भंगारात द्यावे, शेड मोकळी होईल. त्यावर श्रीमंतांनी उत्तर करावे, "माणूस म्हातारं झालं म्हणून भंगारात घालतात का गं?" यापुढे बोलणे खुंटावे. मग माघ मासी शालनबाईसाहेबांचे वडील बंधू राजश्री रंगराव मिस्त्री यांस बोलावणे गेले. रंगरावांचे वर्कशॉप तेथोन कोसभर. पस्तीस वर्षे फिटरकाम केलेले, आणि हात ऐसा की त्यांनी आवळलेल्या नटास दुसऱ्याने पाना लावून पाहू नये. तसे करणे म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांचा अपमान करणे, ऐसा त्या मुलुखी रिवाजच पडोन गेला होता. रंगरावांनीही नेम केला होता की नट पुरता आवळला म्हणजे त्यावर लाल ठिपका द्यावा. ठिपका दिसला की काम झाले, पुन्हा पाहणे नाही.

मग ताडपत्री काढिली, तो आत उंदरांची तीन कुटुंबे सुखे नांदत होती. त्यांस अभय देऊन ओढ्यापलीकडे पोचविले. आणि पाहतात तो तळाचा पत्रा चाळणी जाहलेला, टाकीत पेट्रोलाचा चिकटा, आणि बॉनेटातून बटणासरशी वर उठणारे जे दोन दिवे, त्यांपैकी उजवा उठे आणि डावा निजलेलाच राही. दर रविवारी मेव्हणे-दाजींनी शेडेत मुक्काम करावा, कुजका पत्रा कापावा, नवा जोडावा, इंजिन खाली उतरवून पुर्जा न् पुर्जा रॉकेलात धुवावा, आणि बाईसाहेबांनी चहाचे तांबे पाठवावेत. जपानाहून रबरांचे पुडके दोन महिन्यांनी आले, ते श्रीमंतांनी प्रसादासारखे कपाळी लाविले. परंतु जयसिंगरावांचे मनी नुसती जुनी गाडी होती तैसी करणे नव्हते. स्प्रिंगा आखूड करून गाडी जमिनीस टेकवावी, चाके रुंद घालावी, आणि सायलेन्सर ऐसा लावावा की तीन गावे दचकोन उठावी, ऐसा मनसुबा. रंगराव बोलिले, "दाजी, आवाज वाढवून घाट चढत न्हाई. आधी थांबाया शिकवू, मग पळाया." मग तह जाहला की मागील चाकांस नवे डिस्क ब्रेक आधी, स्प्रिंगा बेताच्या, रुंद चाके दाजींचे हौसेखातर, आणि सायलेन्सरचा विषय पुढील साली. आणि ठरले की दसऱ्याचे सीमोल्लंघन याच गाडीतून, घाट चढोन.

येणेप्रमाणे आश्विन शुद्ध नवमीस, जीस खंडेनवमी म्हणतात, रंगराव सकाळीच शेडेत येऊन नवी चाके बसवू लागले. हाती तो मोठा पाना होता, जो ठरला जोर पोचताच टक् ऐसा बोलतो. एका चाकास चार नट. चारही आवळावे, टक् ऐकावे, आणि खिशातील बाटलीने ठिपका द्यावा. तीन चाके ऐसी पुरी जाहली. चौथे, मागील डावे, नुसते हाताने नट फिरवून लाविले होते, इतक्यात बाईसाहेब पूजेचे ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, पाना दे. सगळी हत्यारं मांडून झाली, तेवढाच राहिलाय."

"थांब की जरा, हात गुतलाय माझा."

"थांबायला काय झालं! खंडेनवमीला हत्यार पूजेला बसलं की उद्याशिवाय उठवायचं न्हाई. आईनं काय शिकवलं तुला?"

आईचे नाव निघाल्यावर रंगरावांचे काय चालणार? पाना देऊन मोकळे जाहले, आणि त्यांचे वर्कशॉपची पूजा खोळंबली होती म्हणोन तसेच निघाले. चौथे चाक राहिले हे ना बहिणीस बोलिले, ना दाजींस. उद्या सकाळी आवळू, ऐसे मनात धरिले. इकडे बाईसाहेबांनी हत्यारांस झेंडू वाहिला, मग गाडीची पूजा करू गेल्या, तो काय पाहतात! तीन चाकांवर चार-चार लाल ठिपके दिलेले आणि चौथे चाक कोरडे. ठिपक्यांचा नेम मेव्हण्यास ठाऊक, दाजींस ठाऊक; बाईसाहेबांस कोणी सांगितलाच नव्हता. त्या मनी म्हणाल्या, दादानं पूजेला सुरुवात केली आणि अर्धी टाकून पळाला, लहानपणापासनंचा धांदरट! मग करंगळीशेजारचे बोट ओले करून कुंकवात बुडविले आणि चौथे चाक बापडे उणे राहू नये म्हणोन त्याचेही चार नटांवर चार ठिपके नेटके दिले, हळद लाविली, लिंबू ठेविले, आणि समाधानाने स्वयंपाकास गेल्या.

दसऱ्यास सकाळी रंगराव आले आणि चाकाशी बसले, तो चारही नटांवर ठिपके. क्षणभर थबकले. काल हे राहिले होते की आवळले होते? बाटली तर आपलेच खिशात. दुसरा कोण ठिपका देणार? मग काल जाता जाता आवळलेच असणार, विसरलो असू. पस्तीस वर्षे ठिपका खोटा निघाला नव्हता, म्हणोन मनापेक्षा ठिपक्यावर भरवसा ठेविला आणि उठले. पाठीमागोन जयसिंगरावांनी फेरी मारून ठिपके मोजिले, सोळा भरले, आणि "फत्ते!" ऐसे बोलिले.

तिसरे प्रहरी गल्ली लोटली. बाईसाहेबांनी ओवाळिले, बटण दाबिता दोन्ही दिवे उठले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजविल्या, आणि खासा स्वारी मेव्हण्यास शेजारी बसवून घाटास निघाली. पहिले वळण उत्तम, दुसरे त्याहून उत्तम. तिसऱ्या वळणी मागे खडखडाट जाहला आणि रंगरावांनी डावीकडील खिडकीतून पाहिले.

"दाजी, एक चाक चाललंय पुढं."

"कुणाचं हो?" जयसिंगरावांनी पुसिले, आणि इतके पुसितात तोच गाडी मागून बसली, ठिणग्या उडाल्या, आणि फरफटत जाऊन दरीचे कठड्यापासोन हातभर अंतरी थांबली. चाक मात्र न थांबता कठड्याचे फटीतून पार होऊन सीमोल्लंघन करते जाहले. ते दोन दिवसांनी एका धनगराने आणून दिले. जिवास कोणाचे अपाय नाही, ही देवीची कृपा.

मग ट्रॅक्टरामागे बांधून गाडी राज्यात आणिली. गल्ली सोने वाटण्यास जमलीच होती. भ्यालेला माणूस जे करितो तेच जयसिंगरावांनी केले. सर्वांदेखत ओरडून बोलिले, "पस्तीस वर्षांचा हात म्हणं! जीव घ्यायलाच निघाला होता काय माझा? ठिपके देऊन नट मोकळे सोडता?" रंगराव अंगठ्याने तळहात चोळीत उभे राहिले, मग म्हणाले, "ठिपका माझाच म्हणायचा. न आवळता दिला असंल." आणि बहिणीकडे न पाहता म्हणाले, "शालन, जातो." येतो म्हणावयाचे ते माणूस जातो म्हणाला.

पुढे पंधरा दिवस बातम्या येत त्या वाईटच. रंगरावांनी वर्कशॉपास कुलूप लाविले, गिऱ्हाइके परत फिरविली, हत्यारांची पेटी माळ्यावर टाकिली. वहिनींचा फोन आला की, "जेवत न्हाईत ओ वन्स. हात उलटासुलटा करून बघत बसतात नुसते." बाईसाहेबांनी फोन केला तर घेईनात. भाऊबीज जवळ येत चालली, आणि पाठचा-पुढचा हा एकच भाऊ. त्यांनी फराळास हात लाविला नाही, आणि राज्यात चिवड्याचा वास नाही ऐसी दिवाळी प्रथमच उगवली. श्रीमंतही घुम्यासारखे नकाशे तपाशीत बसत.

नरकचतुर्दशीचे सकाळी, दुसरे काही सुचेना म्हणोन, बाईसाहेब फडके आणि बादली घेऊन शेड धुवू गेल्या. गाडी डावीकडे दगडांवर टेकली होती. तीन नट घाटात गेले, एक तेवढा धनगराने आणिलेल्या चाकाचे खळग्यात रुतोन राहिला होता, ठिपक्यासकट. त्यावरून ओले फडके फिरविले, तो फडके लाल जाहले आणि ठिपका गेला. दुसऱ्या चाकाचा ठिपका पुसिला, तो जाईना. नखाने खरवडिला, आणि ओळखिला. ती तर त्यांचेच नखरंगाची बाटली, जी श्रावणापासोन कपाटात सापडत नव्हती! दादाने चोरली होती, ठिपक्यांस. मग ते ठिपके पूजेचे नव्हते, नट आवळल्याची खूण होती, हे सर्व ध्यानी आले, आणि त्या तेथेच ओल्यात मटकन बसल्या. "आई अंबाबाई, हे मी केलं."

तशाच फडके घेऊन श्रीमंतांपुढे गेल्या आणि इत्थंभूत सांगितले. ते ऐकोन श्रीमंत म्हणाले, "पण चाक आवळलं न्हवतंच की पाव्हण्यांनी. चूक त्यांचीच."

तेव्हा बाईसाहेबांचा संताप अनावर जाहला. "त्याची, माझी, आणि तुमची न्हाई? सोळा ठिपके मोजलेत, एक नट हलवून बघितला न्हाई! आणि गल्लीदेखत माझ्या भावाला खुनी केलंत. त्याला वाटतंय त्याचं डोकं गेलं. मी जाऊन माझं सांगीन, पण तुमचं तुम्हीच सांगायचं."

जयसिंगरावांनी वर्गात अनेक पोरांस चूक कबूल करविली होती. स्वतः करण्याचा प्रसंग नवा. तीन दिवस राज्यात भांड्याचाही आवाज जपून होई. भाऊबीजेचे सकाळी मात्र ते आपण होऊन चपला घालोन दारात उभे राहिले आणि बोलिले, "ते फडकं घेतलंस न्हवं?"

तिकडे रंगराव आपले घरचे ओट्यावर बसले होते. दाजींस पाहोन उठू लागले, तो जयसिंगरावांनी खांदा धरून बसविले, फडके मांडीवर ठेविले आणि भर गल्लीत मोठ्याने बोलिले, "पाव्हणं, ठिपका तुमचा न्हवता. शालननं कुंकू लावलं होतं. मी न बघता तुम्हाला नको ते बोललो. चुकलो."

रंगरावांनी फडके पाहिले. "ठिपका माझा न्हाई?"

"न्हाई."

"नक्की?"

"दादा, मी लावला रं, मी!" ऐसे म्हणोन बाईसाहेब रडू लागल्या.

मग रंगराव, ज्यांस बाप गेला त्या दिवशीही कोणी रडता पाहिले नव्हते, ते फडक्यात तोंड घालोन रडले. म्हणाले, "एकवीस दिवस मला वाटत होतं, आपलं संपलं. हात काय करतोय ते डोक्याला कळंना झालंय. उद्या कुणाच्या ट्रकचं चाक असंच सोडलं तर? म्हणून पेटीच वर टाकली." आणि नाक पुसून म्हणाले, "पण दाजी, चुकलो मीबी. चाक राहिलंय हे बोललो न्हाई, आणि सकाळी मन शंका घेत होतं तरी ठिपक्याला मान दिला."

वहिनींनी शिडी लाविली. पेटी रंगरावांनी स्वतः उतरविली.

मंडळी राज्यात परतली. भाऊबीजेचा पाट मांडिला होता, परंतु रंगराव पाटावर बसले नाहीत. आधी शेडेत गेले, वाकडे बोल्ट काढून नवे नट-बोल्ट घातले, चाक चढविले, गाडी खाली उतरविली आणि चारही नट आवळिले. चार वेळा टक् ऐसे जाहले. खिशातील बाटली काढून बहिणीचे हाती परत दिली. मग पाना जयसिंगरावांपुढे धरून बोलिले, "दाजी, आता तुम्ही लावा."

"छे छे, तुमच्यामागनं पाना लावायचा? शोभतं का ते?"

"लावा म्हणतो ना. ह्या चाकावर तुम्ही बसणार हाय, शालन बसणार हाय."

जयसिंगरावांनी पहिल्या नटास पाना घातला आणि जोर दिला. रंगराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, डोळे मिटोन. नट केसभर हलला नाही. पाना टक् बोलिला. दुसरा, टक्. तिसरा, टक्. चौथा. मग रंगरावांनी डोळे उघडले, दोन्ही हात धोतरास पुसले, आणि म्हणाले, "शालन, वाढ. भूक लागलीया."

एकूण तात्पर्य इतकेच की, तुळशीचे लग्नानंतर गाडी घाट चढली आणि चारही चाकांनिशी उतरली. वर्कशॉप उघडले. सायलेन्सरचा वाद अद्याप चालू आहे. आणि त्या मुलुखी आता रंगराव मिस्त्रींचे हातचे काम पुरे जाहले की ते आपणच पाना गिऱ्हाइकाचे हाती देतात आणि दूर जाऊन उभे राहतात. जैसे ऐकिले तैसे लिहिले. अधिकउणे असेल ते बखरकाराचे पदरी. इति.