बिझी म्हणायचं नाही!

मानसिंगरावांच्या घरात 'बिझी' हा शब्द उच्चारायला बंदी होती. शिव्यांनासुद्धा एवढी नव्हती!

"बिझी!" ते नाक मुरडून म्हणायचे. "हा काय शब्द आहे? पानवाला बिझी असतो, रिक्षावाला बिझी असतो, नाक्यावरचा न्हावी बिझी असतो. इंग्रजी बोलायचं तर घरंदाज बोलावं. एका शब्दाला माझ्याइतके समानार्थी शब्द सांगणारा माणूस अख्ख्या बडोद्यात दुसरा दाखवा, मिशी उतरवून ठेवतो!"

मिशी भारदस्त होती. आजोबा संस्थानच्या घोडदळात चाळीस स्वारांवरचे जमादार होते. त्यांची तलवार वाटणीत चुलत्यांकडे गेली, घोडा त्याआधीच गेला, आणि मानसिंगरावांच्या वाट्याला मिशी तेवढी आली. तिच्या जोरावर ते एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क झाले आणि तीस वर्षं इंग्रजी पत्रांचे मसुदे करत राहिले. साहेबांनी लिहिलेलं 'प्लीज सेंड' खोडून हे 'काइंडली कॉज टु बी फॉरवर्डेड' करत. मग ज्याला पत्र जाई तो गृहस्थ, आपल्याकडे नक्की काय मागितलंय ते विचारायला स्वतः कचेरीत येई. "पाहिलंत? माझं पत्र वाचून माणूस धावत आला!" असं मानसिंगराव सगळ्या टेबलांना ऐकवत.

अशा माणसाच्या घरी पंच्याण्णव साली, नऊ वर्षं वाट पाहून, टेलिफोन आला.

आला म्हणजे काय, मांजलपूरच्या त्या तीन खोल्यांत राजासारखा आला! त्याला तिपाई मिळाली, क्रोशाचं झाकण मिळालं आणि शेजारी भिंतीवर एक पुठ्ठा लागला. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या पत्नी मंदाताई कोणाला तरी फोनवर "अहो ते बिझी आहेत" असं म्हणाल्या होत्या. त्या रात्री मानसिंगरावांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी न्यायमंदिराजवळच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतलेला जाडजूड कोश उघडून त्यांनी 'बिझी'चे समानार्थी शब्द पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात उतरवले. एंगेज्ड. टाइड अप. ऑक्युपाइड. डिटेन्ड. खाली आणखी अकरा.

"रोज क्रमानं वापरायचे," त्यांनी बायकोला बजावलं. "दिवसात एकच शब्द दोनदा आला, तर समोरच्याला वाटेल या घरात दुष्काळ आहे!"

"त्यापेक्षा तुम्हीच उचलत जा फोन," मंदाताई म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या. मानसिंगरावांना तेच हवं होतं.

आता त्यांची मुलगी राजेश्वरी. एम.एस्सी., तेही केमिस्ट्रीत. दोन वर्षं ती तरसालीच्या एका क्लासमध्ये, वर्गात कंगव्याने भांग पाडणाऱ्या मुलांना रसायनांची समीकरणं शिकवत होती आणि कंटाळून गेली होती. मकरपुऱ्याच्या पुढे परदेशी भागीदारीतला औषधांचा एक नवा कारखाना उभा राहत होता. त्यांच्या प्रयोगशाळेत एकच जागा होती. लेखी परीक्षेत राजेश्वरी पहिली आली होती. मुलाखतीचा निरोप फोनवर येणार होता. फोन वाजला की तिचा जीव खालीवर होई. पण ती उठेपर्यंत मानसिंगरावांनी झडप घातलेली असे!

शनिवारी सकाळी नऊला फोन वाजला. राजेश्वरी न्हाणीघरात होती.

"हॅलो, मी मिसेस भरूचा बोलते," पलीकडून एक ठसठशीत इंग्रजी आवाज आला. "राजेश्वरी आहे का?"

मानसिंगरावांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. पहिला शब्द. घसा साफ करून ते म्हणाले, "सॉरी मॅडम. शी इज एंगेज्ड!"

पलीकडून लगेच, "ओह! काँग्रॅच्युलेशन्स!"

मानसिंगरावांची मिशी थरथरली. तीस वर्षांत त्यांच्या इंग्रजीचं कोणी अभिनंदन केलं नव्हतं.

"थँक यू, थँक यू!"

"कधी झाली?"

'कधी झाली' म्हणजे आपली इंग्रजीची तयारीच ही बाई विचारतेय, हे त्यांच्या तात्काळ लक्षात आलं. "लहानपणापासून!" ते म्हणाले.

"लहानपणापासून एंगेज्ड?" मिसेस भरूचांचा आवाज चिरकला. "आणि तिला नोकरी करू देणार का तुम्ही?"

"ऑफ कोर्स! एकदा ती बाहेर आली, की शी विल बी टोटली फ्री!"

"बाहेर आली की..." बाई हळूच म्हणाल्या. "ती स्वतः बाहेर येऊ शकत नाहीये का?"

"तिला वेळ लागतो," मानसिंगराव हसून म्हणाले. फोन बंद झाला.

राजेश्वरी केस पुसत धावत आली. "कोण होतं बाबा?"

"एक पारशी बाई. सुसंस्कृत वाटली. माझं इंग्रजी ऐकून अभिनंदन केलं तिनं!"

"काय काम होतं? नंबर दिला?"

मानसिंगरावांनी तिच्याकडे खेदानं पाहिलं. एवढ्या उच्च पातळीवर संभाषण चालू असताना नंबर कोण विचारतं?

राजेश्वरी तीन तास फोनसमोर मांडी घालून बसली. फोन मुका. शेवटी मंदाताई तेलाची वाटी घेऊन आल्या आणि शनिवारचं डोकं चोळून घे म्हणून तिला ओढत गच्चीवर घेऊन गेल्या. पाच मिनिटं झाली असतील, फोन वाजला! राजेश्वरी उठायला गेली, पण तिची अर्धी वेणी आईच्या मुठीत होती.

"आय अॅम अटेंडिंग!" खालून मानसिंगरावांची गर्जना आली.

"मी मिसेस भरूचा. मला राजेश्वरीशीच बोलायचंय. फक्त तिच्याशी."

दुसरा शब्द. "मॅडम, अॅट प्रेझेंट शी इज टाइड अप."

"टाइड अप? बांधलंय? कोणी?"

गच्चीवर मंदाताईंनी वेणीचा पेड करकचून ओढला असावा, कारण "आई गं!" अशी किंकाळी जिन्यावरून थेट रिसीव्हरमध्ये गेली.

"तिच्या आईनं," मानसिंगराव म्हणाले. "दर शनिवारी करते. पोरगी ओरडते, पण आई सोडत नाही!"

"आणि तुम्ही मधे पडत नाही?"

"मॅडम, हे लेडीज डिपार्टमेंट आहे. माझे आजोबा चाळीस स्वारांचे जमादार, तेसुद्धा कधी मधे पडले नाहीत!"

"तुमचा पत्ता सांगा," बाई दातओठ खात म्हणाल्या.

हे काय, नेमणुकीचं पत्र पाठवणार! मानसिंगरावांनी सोसायटी, गल्ली, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, सगळं स्पेलिंगसकट सांगितलं. वर "वी आर अवेटिंग युवर काइंड गुडसेल्फ" असंही म्हणाले.

"पत्ता घेतला? बाबा, म्हणजे कंपनीच असेल!" राजेश्वरी खाली येऊन उड्या मारायला लागली. मग एकदम थांबली. "तुम्ही काय सांगितलंत?"

"तू कामात आहेस, एवढंच. पण घरंदाज शब्दांत."

तिला शंका आली होती. पण आनंद शंकेपेक्षा मोठा होता. ती मागच्या खोलीत जुन्या ट्रंकेतून सर्टिफिकेटं काढायला पळाली आणि पाऊण तास ट्रंकच उपसत बसली.

त्याच वेळी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर माकडांची टोळी उतरली! माकडं आली की मागची खोली आधी बंद करायची, हा त्या घराचा नियम. गेल्या वर्षी एका हुप्प्यानं त्या खोलीतून लोणच्याची बरणी पळवली होती. मंदाताईंनी धावत जाऊन बाहेरून कडी घातली आणि काठी घेऊन गच्चीवर चढल्या. आत ट्रंकेत डोकं घातलेली मुलगी त्यांना दिसलीच नाही.

आणि दारापुढे रिक्षा थांबली.

रिक्षातून आधी उतरल्या त्या मिसेस भरूचा. कारखान्यातल्या नेमणुकांच्या मुख्य, केस आखूड, चष्मा मोठा. सयाजीगंजच्या हॉटेलात उतरल्या होत्या, तिथून वाटेत पोलीस चौकीवर थांबून आल्या होत्या. त्यांच्यामागून रिक्षा एका बाजूला कलवत उतरली एक महिला पोलीस, हातात दंडुका.

मानसिंगरावांना वाटलं, मोठ्या कंपन्यांत पत्र बंदोबस्तात पाठवत असतील!

"वेलकम, वेलकम!"

"छोकरी क्यां छे?" पोलीसबाईंनी दारातच विचारलं.

मानसिंगरावांनी त्यांच्याकडे तुच्छतेनं दुर्लक्ष केलं आणि मिसेस भरूचांकडे वळले. तिसरा शब्द 'ऑक्युपाइड' होता. पण सरकारी पाहुणे आलेत म्हटल्यावर त्यांना तो हलका वाटला. त्यांनी चौथा उचलला.

"मॅडम, फॉर द मोमेंट शी इज डिटेन्ड."

पोलीसबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण नोकरीच्या सतरा वर्षांत जे चारदोन इंग्रजी शब्द त्यांना पाठ झाले होते, त्यांतला हा पहिला होता!

"डिटेन?" त्या कडाडल्या. "घरमां? कोना ऑर्डरथी?"

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार धडाधड वाजायला लागलं. "बाबा! दार उघडा! मला का कोंडलंय?"

वरून मंदाताईंचा आवाज आला. "थांब, तुझं तंगडंच मोडते!" हे अर्थात हुप्प्याला होतं. पण ते खाली कोणाला कळणार?

पुढच्या अर्ध्या मिनिटात मानसिंगराव आपल्याच सोफ्यावर, छातीवर टेकलेल्या दंडुक्यासह, तोंड उघडं टाकून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एकही शब्द सुचत नव्हता. कोणत्याच भाषेत! दारात सोसायटी जमली होती. समोरच्या हंसाबेन हातातलं पीठ झटकत विचारत होत्या, "शुं थयुं, शुं थयुं?"

मिसेस भरूचांनी कडी काढली. तेल चोपडलेलं डोकं, एक वेणी बांधलेली, एक सुटलेली, नाकावर कोळ्याचं जाळं आणि छातीशी सर्टिफिकेटं, अशी राजेश्वरी बाहेर आली.

"दीकरा, घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "लग्न तुझ्या मर्जीनं ठरलंय का?"

"कोणाचं लग्न?"

"आणि तुला दर शनिवारी कशानं बांधतात?"

राजेश्वरीनं बाईंकडे पाहिलं, पोलिसांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. तिला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "सकाळी मी आंघोळ करत होते. दुपारी आई वेणी घालत होती. आणि आत्ता माकडं आली होती."

मिसेस भरूचा पुठ्ठ्यासमोर उभ्या राहिल्या. एक ते पंधरा, सगळे शब्द त्यांनी चष्मा वर करून वाचले.

"मिस्टर," त्या म्हणाल्या, "मी बावीस वर्षं लोकांच्या मुलाखती घेते. कमी इंग्रजी येणाऱ्यांचा मला कधी त्रास झाला नाही."

पोलीसबाईंना मात्र जबाब हवा होता. मानसिंगरावांनी पेन काढून 'द अंडरसाइन्ड बेग्ज टु सबमिट' इतकं लिहिलं, तर बाईंनी कागद फाडला. "सीधुं लखो!" शेवटी त्यांनी सांगितलं ते मानसिंगरावांनी गुजरातीत, शाळकरी पोरासारखं, एका ओळीत लिहून दिलं, की माझी दीकरी कामात होती, बाकी काही नाही. खाली सही. हंसाबेन साक्षीदार.

मुलाखत तिथेच झाली. राजेश्वरीनं तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. बाई विचारत होत्या, ती आखूड, साध्या वाक्यांत उत्तरं देत होती. येतं ते सांगत होती, येत नव्हतं तिथं "माहीत नाही" म्हणत होती. पोलीसबाई चहात बुडवून माकडांच्या तावडीतून वाचलेले पापड खात होत्या. मानसिंगरावांना त्या रसायनांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाईंची मान प्रत्येक उत्तराला हलतेय, हे त्यांना सोफ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं.

"सोमवारपासून ये," बाई म्हणाल्या आणि एक छापील फॉर्म पुढे केला. "हा भर. फोन नंबर नीट लिही, कंपनीतून कधीही फोन येईल."

मानसिंगराव सावरून बसले. झालं गेलं ठीक. पण शेवटी फोन कोणाचा? त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि मुलगी नंबर बरोबर लिहितेय ना, ते पाहायला चष्मा लावून वाकले.

आकडे ओळखीचे नव्हते. राजेश्वरीनं ते हंसाबेनना विचारून लिहिले होते, आणि पुढे दोनच इंग्रजी अक्षरं टाकली होती: पी. पी. म्हणजे, फोन शेजाऱ्यांकडे करावा.